पासपोर्ट लागत नाही म्हणून कोणी काहीच विचारत नाही

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा. पण घरातलं कोणी यंदा नेपाळला जाणार असेल तर ही वाचल्याशिवाय इसार देऊ नका, एवढीच विनंती.

कापसाचे दोन पैसे हाती आले की आपल्या केळापूर तालुक्यात यात्रांचे बॅनर लागतात. पांढरकवड्याला, करंजीच्या चौकात, पाटणबोरीत, रुंझ्याला, मोहद्याला. पूर्वी माहूर, शेगाव, पंढरपूर असायचं. मग तिरुपती-रामेश्वर आलं. आता काशी-अयोध्या-पशुपतिनाथ-मुक्तिनाथ. आपल्या बौद्ध बांधवांकडे बोधगया-सारनाथ-कुशीनगर-लुंबिनी. बॅनरवरचे फोटो वेगळे, पण खाली एक ओळ बहुतेक ठिकाणी सारखीच असते: 'परदेशवारी! पासपोर्ट-व्हिसाची गरज नाही!'

ओळ खरी आहे. १९५० च्या मैत्री करारापासून भारत-नेपाळ सीमा आपल्या लोकांसाठी मोकळी आहे. मतदार ओळखपत्र खिशात असलं की सोनौलीची कमान चालत ओलांडता येते. ज्या माणसाने आयुष्यात विमान पाहिलं नाही, त्यालाही 'फॉरेन' बघायला मिळतं. यात वाईट काहीच नाही. चांगलंच आहे.

पण याच ओळीत घोळ आहे, आणि तो वरणगावच्या लोकांनी भोगला.

२३ ऑगस्ट २०२४, शुक्रवार. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव, तळवेल, दर्यापूर, भुसावळ भागातली माणसं दहा दिवसांच्या यात्रेला गेलेली. एकूण १०४ जण, तीन बस. बस गोरखपूरची, उत्तर प्रदेश पासिंग. पोखऱ्याहून काठमांडूला जाताना तनहुँ जिल्ह्यात आंबुखैरेनीजवळ त्यातली एक बस रस्ता सोडून खाली मर्स्यांगदी नदीच्या काठावर कोसळली. बसमध्ये ४३ माणसं होती. २७ गेली. १६ जखमींना हेलिकॉप्टरने काठमांडूला नेलं. नेपाळच्या सैन्याने आणि सशस्त्र पोलिसांनी त्या उतारावर दोर लावून माणसं काढली, हे विसरून चालणार नाही. दुसऱ्या दिवशी हवाई दलाच्या विमानातून २५ मृतदेह जळगावला आले. एकेका घरातले दोन-दोन, तीन-तीन जण. नवरा-बायको, जावा-जावा, सोयरे. गावातून यात्रा निघते तेव्हा ती अशीच निघते ना, आपण नात्यागोत्यानेच जागा भरतो.

तेव्हा सरकारने धावपळ केली, हे मान्य करायला पाहिजे. केंद्रीय राज्यमंत्री रक्षा खडसे स्वतः नेपाळला गेल्या. पंतप्रधान निधीतून मृतांच्या वारसांना २ लाख आणि जखमींना ५० हजार जाहीर झाले. टीव्हीवर दोन दिवस तेच चाललं होतं.

आता जरा कडू वाटेल असं बोलतो. विमान आलं कारण एका दिवसात एका भागातली पंचवीस माणसं गेली. तुमच्या काकाचा एकट्याचा पाय पोखऱ्याजवळ मोडला, किंवा मावशी एकटी गेली, तर विमान येत नाही बाप्पा. मग फोनवर फोन सुरू होतात. आमदाराच्या पीएला, खासदाराच्या पीएला, नागपूरच्या ओळखीच्या डॉक्टरला. इथे पोरगा दुकानदाराकडून, सावकाराकडून पैसे गोळा करतो आणि तिथे बाप सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात पडलेला असतो. आयुष्मान कार्ड, महात्मा फुले योजना, सगळं सोनौलीच्या अलीकडे. पलीकडच्या दवाखान्यात त्या कार्डाला किंमत नाही. इथल्या सिमकार्डाला रोमिंग टाकलेलं नसेल तर रेंजसुद्धा नसते. आणि मोठ्या भारतीय नोटांवर तिथे बरीच वर्षं बंदी होती, म्हणून आपली माणसं शंभराच्या नोटांची बंडलं कमरेला बांधून जायची. त्या बंडलावर ऑपरेशन होत नाही.

युरोपला जाणाऱ्या माणसाचं काय होतं बघा. त्याच्याकडे पैसा जास्त, शिक्षण जास्त, मुलगा बहुतेक पुण्यात नाहीतर जर्मनीत. तरी त्याला शेंगेन व्हिसा काढताना कमीत कमी ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो, आणि त्यात मृतदेह मायदेशी पाठवायचा खर्चही धरलेला असावा लागतो. नाही दाखवला तर व्हिसा नाही. त्या माणसाला विम्याचं फार कळतं अशातला भाग नाही. त्याला कोणीतरी विचारलं, म्हणून त्याच्याकडे तो कागद आहे.

नेपाळला जाणाऱ्या आपल्या कास्तकाराला कोणीच विचारत नाही. व्हिसा नाही म्हणून व्हिसा ऑफिस नाही. पासपोर्ट नाही म्हणून तपासणी नाही. आयोजक विचारत नाही, कारण त्याने विचारलं तर माणशी दोन-तीनशे रुपये वाढतात आणि शेजारच्या आयोजकाचं बॅनर स्वस्त दिसतं. म्हणजे ज्याच्या घरात दोन महिन्यांचंही बिनमजुरीचं पोट भरेल इतकी शिल्लक नाही, तोच माणूस बिनाविम्याचा परदेशात जातो. ज्याला परवडतं त्याच्यावर सक्ती, आणि ज्याला बिलकुल परवडणार नाही त्याला मोकळीक. मला तरी हे उलटं वाटतं.

आता बसच्या विम्याबद्दल. हे जरा किचकट आहे, पण समजून घ्या. आपल्याकडे कोणतीही गाडी बिनाविम्याची रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं की बस आहे म्हणजे विमा असेलच. असतो. पण भारतातल्या मोटार पॉलिसीत 'जिऑग्राफिकल एरिया' अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे साधारणपणे एकच शब्द लिहिलेला असतो: इंडिया. गाडी नेपाळ, भूतान, बांगलादेशात न्यायची असेल तर जादा हप्ता भरून पॉलिसीत तो देश वाढवून घ्यावा लागतो. त्यासाठी ठरलेली तरतूद आहे, एजंट लोक तिला आयएमटी-१ म्हणतात. रक्कम फार मोठी नसते. पण ती भरली नसेल आणि अपघात सीमेपलीकडे झाला, तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. मग वारसांनी मालकाच्या मागे गोरखपूरच्या कोर्टात फिरायचं.

सीमेवर भरतात तो भन्सार वेगळा. भन्सार म्हणजे तिथली जकात. गाडी आत नेण्याची ती पावती आहे, विमा नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण 'सगळे कागद बॉर्डरवरच होतात, तिथे पैसे भरले की झालं' असं मी दोन-तीन आयोजकांच्या तोंडून ऐकलंय. एकाला मी म्हटलं, भाऊ, पॉलिसीचा फोटो टाका ग्रुपवर. तर म्हणे, "काका, काहून टेन्शन घेऊन राहिले? देवाच्या दारी चाललो आपण."

हेच गाडी घेऊन जाणाऱ्या आपल्या पोरांनाही लागू आहे. एमएच-२९ च्या नंबरप्लेटचा पोखऱ्याच्या तलावापुढे काढलेला रील छानच दिसतो. रस्ता पण मस्त आहे म्हणतात. पण निघण्याआधी पॉलिसीतली ती ओळ वाचली का? आणि पुढे कधी थायलंड-दुबईला गाडी भाड्याने घेऊन फिरायचं असेल तर यवतमाळच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या. हजार रुपये फी, वर्षभर चालतो. त्या देशात चालेल असा परवाना नसताना गाडी ठोकली तर भाड्याच्या गाडीचा विमाही फिरतो आणि ट्रिप हॉटेलात नाही, पोलीस ठाण्यात संपते.

विमा असला की काय फरक पडतो याचं एक उदाहरण. जून २०१९ मध्ये ईदची सुट्टी संपवून मस्कतहून दुबईला परतणारी एक बस उंची अडवणाऱ्या लोखंडी आडव्या खांबाला धडकली. १७ मेले, त्यात १२ भारतीय. वाचलेल्यांत एक विशीतला भारतीय विद्यार्थी होता, मेंदूला कायमची इजा झालेला. त्याचा खटला वर्षानुवर्षं चालला आणि २०२३ मध्ये त्याला ५० लाख दिरहम मंजूर झाल्याची बातमी आली. आपल्या पैशात ११ कोटींच्या वर. पैसे देणार कोण? बसची विमा कंपनी. पोराचं आयुष्य परत आलं नाही. पण आईबापाला वावर विकावं लागलं नाही. तोच पोरगा, तीच इजा, पण बस सोनौलीमार्गे गेलेली आणि पॉलिसीत फक्त 'इंडिया' लिहिलेलं, असं धरून बघा.

आणि हे काही फक्त नेपाळचं किंवा एका धर्माच्या यात्रेचं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मक्केहून मदिनेला निघालेल्या उमराहच्या बसला डिझेलच्या टँकरची धडक झाली आणि ४५ भारतीय गेले. बहुतेक हैदराबादचे. हैदराबाद म्हणजे आपल्याच महामार्गाचं पुढचं टोक. पांढरकवड्यातल्या कितीतरी घरांचे तिकडे सोयरे आहेत. आपल्या बाजारातही त्या दिवशी लोक फोनवरच होते.

काही जण म्हणतील, मरण कोणाला चुकलंय. ज्याची घडी भरली तो घरातल्या न्हाणीत घसरूनही जातो. मान्य. देवाच्या दारी गेला, सोनं झालं, असंही लोक म्हणतात, आणि ज्याचं माणूस गेलं त्याला तेवढाच आधार, म्हणून मी त्यावर वाद घालत नाही. पण मेलेल्याचं सोनं झालं, तर मागे राहिलेल्यांची माती का व्हावी? आणि जखमींचं काय? वरणगावच्या त्या बसमधले सोळा वाचले. वाचलेल्यांच्या हाडांत सळ्या बसतात, महिनोन्‌महिने काम बंद राहतं, आणि त्यांच्याबद्दल तिसऱ्या दिवशीपासून पेपरात ओळ येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. गरीब माणसाच्या मागे अजून एक कागद कशाला लावता? आधीच सातबारा, पीक विमा, केवायसी, फार्मर आयडी यांत त्याचा जीव जातो. आणि पीक विम्याचा अनुभव बघता 'विमा' शब्द ऐकला की आपला कास्तकार हसतो. त्यात तो चुकीचा नाही. म्हणून मी त्याने कागद करावा असं म्हणतच नाही. रेल्वेचं ऑनलाइन तिकीट काढताना ४५ पैशांत १० लाखांचा अपघात विमा मिळतो. एक खूण करायची, झालं. फॉर्म नाही, साहेब नाही. तसंच यात्रेच्या बसला का नको? सोनौलीला, रक्सौलला भारताच्या बाजूने बस निघतानाच माणशी काही रुपयांत आठ-दहा दिवसांचा गट विमा झाला पाहिजे. बस आत सोडताना तोच कागद बघायचा. नेपाळला रोज जाणारी भारतीय माणसं इतकी आहेत की हप्ता चहाच्या किमतीत बसेल. हे दिल्लीचं काम आहे, आपल्या तहसीलदाराचं नाही, मला माहीत आहे. पण यवतमाळ जिल्ह्यातून तीन खासदार लोकसभेत निवडून जातात आणि आपल्या गावांतूनच या बस भरतात. त्यांनी हा प्रश्न एकदा तरी लेखी विचारावा.

इथल्या पातळीवर होण्यासारखं एक सोपं काम आहे. तालुक्यातून परराज्यात किंवा परदेशात दहाच्या वर माणसांची यात्रा निघत असेल तर आयोजकाने तहसील कार्यालयात एक यादी द्यावी: नावं, वय, रक्तगट, घरचा एक फोन नंबर, बसचा नंबर. परवानगी नको. परवानगी म्हटलं की टेबलाखालचं सुरू होतं. फक्त नोंद. अपघाताची बातमी आली की गावात काय होतं ते आठवा. कोणत्या बसमध्ये कोण होतं हेच कळत नाही. आयोजक स्वतः बसमध्ये, त्याचा फोन बंद, यादी त्याच्या खिशात.

आता आपल्याही घरात डोकावू. आपण महामार्गावरची माणसं. ४४ नंबर आपल्या दारातून जातो. कन्याकुमारीचा ट्रक आणि काश्मीरचं सफरचंद दोन्ही केळापूरवरून जातं. २०२५ च्या महाकुंभात दक्षिणेकडच्या गाड्यांची जी रांग लागली होती ती अख्ख्या तालुक्याने पाहिली. त्यातल्या एखाद्या गाडीचा करंजीजवळ किंवा पाटणबोरीच्या पुढे पहाटे अपघात झाला की त्या कुटुंबासाठी आपलं गाव म्हणजे परदेशच. भाषा येत नाही, ओळख नाही, दवाखाना माहीत नाही. तमिळनाडूची म्हातारी उपजिल्हा रुग्णालयाच्या पायरीवर बसलेली असते आणि नातेवाईक पोचायला दुसरा दिवस उजाडतो. चहा, बिस्कीट, चादर घेऊन धावणारी माणसं आपल्या गावात आहेत, नेहमीच होती. पण गाडीतून सांडलेला माल आधी उचलणारेही आहेत आणि मोबाइल काढून शूटिंग करणारेही आहेत. पोलीस केसमध्ये अडकू म्हणून हात न लावणारे तर पुष्कळ.

त्यांच्यासाठी सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आहे. जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी कारवाई होत नाही, आणि त्याला नाव-पत्ता द्यायची सक्ती करता येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्राच्या राहवीर योजनेत २५ हजारांचं बक्षीस आहे. आणि मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस देण्याची योजना देशभर लागू झाली आहे. कार्ड असो नसो, माणूस कोणत्याही राज्याचा असो. कागदावर हे फार चांगलं आहे. आपल्या भागातल्या किती दवाखान्यांत तो शब्द काढल्यावर काउंटरवरचा माणूस ओळख दाखवतो, ते तुम्ही स्वतः विचारून बघा. मी एका ठिकाणी विचारलं तर "साइट बंद आहे" असं उत्तर मिळालं.

बसबद्दल बोलायचं तर आपला जिल्हा अजून एक गोष्ट विसरू शकत नाही. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली खाजगी ट्रॅव्हल्स नाशिकमध्ये ट्रकला धडकून पेटली, १२ जण गेले. पुढच्याच वर्षी १ जुलैला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ विदर्भातून पुण्याला चाललेली बस जळाली, २५ गेले. म्हणजे नेपाळचे डोंगर, दरड, पावसाळा यांवर सगळं ढकलून जमत नाही. दोन ड्रायव्हर आहेत का, मागचं संकटकालीन दार उघडतं का, की तिथे सामानाच्या पिशव्या रचल्यात, हे प्रश्न दोन्हीकडे तेच. डोंगरात मात्र एक गोष्ट जास्तीची. ऑगस्टमध्ये जाऊ नका हो. वरणगावच्या अपघाताच्या दीडच महिना आधी, १२ जुलै २०२४ ला, नारायणघाट-मुगलिन रस्त्यावर दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या, साठच्या वर माणसं होती, त्यात भारतीयही. हा रस्ता मुगलिनला ज्या काठमांडू-पोखरा मार्गाला मिळतो, आपल्या यात्रा त्याच मार्गाने जातात. श्रावणात पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायची इच्छा समजते, पण पावसाळ्यात तो रस्ता धड राहत नाही. दिवाळीनंतर जा. कापूस वेचायचा असतो म्हणाल, तर फेब्रुवारीत जा. देव तिथेच आहे.

एक सांगायचं राहिलं. परदेशात काही झालंच तर पहिला फोन त्या देशातल्या भारतीय दूतावासाला. नंबर निघण्याआधी कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा, मोबाइलमध्ये नको, मोबाइल आधी हरवतो. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं पोर्टल आहे, तिथे घरून तक्रार टाकता येते. अडलेल्या भारतीयांसाठी दूतावासांकडे २००९ पासून एक कल्याण निधी आहे, गरजू कुटुंबाला मृतदेह आणायला त्यातून मदत मिळू शकते. मागावी लागते, आपोआप मिळत नाही. आणि पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला हे तीन कागद तिथून निघतानाच सही-शिक्क्यासकट घ्या. दुःखात कोणाला सुचत नाही, म्हणून गटातल्या एका शांत डोक्याच्या माणसाला हे काम आधीच नेमून द्या. त्या कागदांशिवाय इथला कुठलाही दावा एक टेबल पुढे सरकत नाही, आणि ते आणायला पुन्हा तनहुँला कोण जाणार?

ज्यांनी यंदा इसार दिलाय त्यांच्यासाठी. आयोजकाला आजच फोन करून बसच्या विमा पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो मागा. 'बस अजून ठरली नाही' म्हणाला तर ठरल्यावर मागा, उरलेले पैसे त्यानंतरच द्या. आणि त्या पानावर 'जिऑग्राफिकल एरिया'च्या पुढे काय लिहिलंय ते खाली कमेंटमध्ये टाका. आयोजकाचं नाव टाकू नका, भांडणं नको. फक्त ती ओळ टाका. किती जणांच्या पॉलिसीत 'नेपाळ' निघतं ते बघू.